काउंटर-स्ट्राइक या गोळीबाराच्या कॉम्प्युटर गेमचा कोल्हापुरी इतिहास लिहितोय. 'डीई_खासबाग' हा त्यातला मॅप (खेळायची जागा) कुणी केला होता?

परचेसवाला :

राम राम मंडळी. विषय जरा लांबडा आहे, चहा घेऊन बसा.

मी राजारामपुरीत वाढलो, आता शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत परचेस बघतो. 2003 ते 2008 आमच्या गल्लीच्या तोंडाला एक नेट कॅफे होता. 10 मशीन, काउंटरवरचं अकरावं. तासाला 15 रुपये, 4 तास एकदम घेतले तर 50. तिथं मी इंजिनिअरिंगचे तीन विषय घालवले आणि चष्म्याचा नंबर कमावला.

गेलं वर्षभर त्या दिवसांचं लिहून काढतोय. पहिलं प्रकरण झोकात लिहिलं. हाफ-लाइफ नोव्हेंबर 1998 मध्ये आला, मिन्ह ली आणि जेस क्लिफ या दोघांनी त्याच्यावर मॉड म्हणून, म्हणजे मूळ गेमवर रचलेला नवा गेम म्हणून, काउंटर-स्ट्राइक उभा केला, पहिली बीटा जून 1999 ची, मग हाफ-लाइफवाल्या व्हॉल्व्ह कंपनीनं तो विकत घेऊन 2000 च्या नोव्हेंबरात दुकानात आणला, आणि सप्टेंबर 2003 ला स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानाबरोबर 1.6 (पुढची आवृत्ती) आला, ज्यात डस्ट टू हा व्हॉल्व्हनं बनवलेला मॅप होता, वगैरे. बायकोला वाचायला दिलं. ती म्हणाली, "हे कुठंही मिळतंय की. तुमच्या त्या कॅफेत काय चालायचं ते कुठाय यात?"

मी गप्प. मग ते प्रकरण बाजूला ठेवून दुसरीकडनं सुरुवात केली.

आमच्याकडं टीम पडायच्या त्या पेठांवर. शिवाजी पेठ एकीकडं, मंगळवार पेठ दुसरीकडं, आणि आम्ही राजारामपुरीवाले ज्या बाजूला माणूस कमी तिकडं. शाहू स्टेडियमवर फुटबॉलची फायनल असली की कॅफे ओस, आणि मॅच संपली की तासाभरात तीच भांडणं डस्ट टूवर. हरलेल्यांनी कटवडा द्यायचा. नेट नव्हतंच म्हणा ना, होतं ते एकाच मशीनला आणि तेही रडत चालायचं. सगळा खेळ लॅनवर, म्हणजे कॅफेतली मशीन एकमेकांना जोडून. त्यामुळं पलीकडच्याला मारलं की शिवी हेडफोनमधनं यायची नाही, पार्टिशनच्या वरनं यायची.

आणि पैशाची गणितं! पहिल्या राउंडला 800 मिळायचे, एके 2500 ला, एम-फोर 3100 ला. एके अतिरेक्यांच्या बाजूची (टी), एम-फोर पोलिसांच्या बाजूची (सीटी), म्हणजे सीटी झालात तर बंदूक 600 रुपयांनी महाग. डॉलर असायचे, पण आम्ही रुपयेच म्हणायचो. आमच्यातला एक कायम पहिल्या राउंडला 650 ची डीगल पिस्तूल घ्यायचा आणि हातात 150 ठेवून मरायचा. दोन राउंड हरल्यावर सगळ्यांनी हात आखडायचा, काही घ्यायचं नाही, तिसऱ्याला मिळून घ्यायचं, हे पटवून देताना मी घसा कोरडा केलाय. आज व्हेंडरला पेमेंट थांबवताना तीच भाषा वापरतो.

आता मुद्द्याचं. कॅफे बंद झाला तेव्हा मालकानं जुनी मशीन भंगारात काढली. त्यातल्या 7 नंबरची हार्ड डिस्क, 40 जीबी, रुंद पट्टीच्या केबलची, मी 100 रुपयांना घेतली होती. कशासाठी, आठवत नाही. माळ्यावर पडून होती. दिवाळीच्या साफसफाईत सापडली. एका दुकानातनं यूएसबीचा अडॅप्टर आणला, लावली, आणि घरघर करत चालू झाली की! अख्खं सी-स्ट्राइक फोल्डर जसंच्या तसं. नऊ डेमो फाइल आहेत, कुणाकुणाचे लोगो आहेत (एकानं भिंतीवर मारायला स्वतःचा दहावीच्या हॉल तिकिटावरचा फोटो केला होता), आणि मॅप्सच्या फोल्डरमध्ये डीई_खासबाग डॉट बीएसपी.

हा मॅप मी खेळलोय! 2006 चा उन्हाळा असेल. दोन रविवार लागला होता आमच्याकडं, मग गेला. खासबाग मैदान, मधला कुस्तीचा हौद हा ए साइट (टीनं बॉम्ब लावायची जागा), आणि शेजारी केशवराव भोसले नाट्यगृह, तिथं स्टेजवर बी साइट. हौदात बॉम्ब लावायला उतरला तो मेला, कारण चारी बाजूंनी पायऱ्यांवर सीटी. मॅप म्हणून अगदी एकतर्फी होता, पण शाहू महाराजांच्या आखाड्यात एके घेऊन पळायला मिळतंय म्हटल्यावर कोण तक्रार करतो. नाट्यगृहाची दगडी भिंत मला चांगली आठवते, खऱ्या फोटोवरनं केलेली होती.

ते नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. मी त्या रात्री तिथं गर्दीत उभा होतो. म्हणून ही फाइल दिसल्यावर छातीत जरा धडधडलं, दुसरं काही नाही.

अडचण अशी, मॅप उघडत नाही. केबी डॉट वॅड ही फाइल मिळत नाही म्हणतो आणि गेम बंद पडतो. डेमोसुद्धा चालत नाहीत. आणि मुख्य म्हणजे हा मॅप केला कुणी? आमच्या कॅफेतल्या चौघांना विचारलं, प्रत्येकजण दुसऱ्याचं नाव सांगतो.

---

बघ्या_गंगावेश :

एवढं कशाला उकरायचं भावा? डस्ट टूचा इतिहास यूट्यूबवर चार-चार तासांचा पडलाय. आणि काउंटर-स्ट्राइक 2 फुकट आहे, डाउनलोड कर आणि खेळ.

---

जुनी_तबकडी :

वरच्या भावाकडं लक्ष देऊ नका, चार तासांत खासबाग कुठंच नाही.

मी मूळचा कळंब्याचा, पुण्यात डेटा रिकव्हरीचं काम करतो. आधी एक विनंती हात जोडून : ती डिस्क आता काढा. घरघरतेय म्हणजे तिचे दिवस भरलेत. रोज लावून फोल्डर बघत बसू नका, विंडोजला "दुरुस्त करू का" विचारलं तर नाही म्हणा. एकदाच लावायची, डीडीरेस्क्यू या प्रोग्रामनं पूर्ण डिस्कची एका फाइलमध्ये नक्कल घ्यायची, आणि पुढचं सगळं त्या नकलेवर. 40 जीबी म्हणजे आज पेनड्राइव्हात मावेल.

मॅपचं सांगतो. हाफ-लाइफच्या इंजिनात भिंतीची चित्रं मॅपच्या आत असतीलच असं नाही, बहुतेक वेळा ती वेगळ्या वॅड फाइलमध्ये राहतात. कॅफेत मॅप टाकलेला असतो सर्व्हर झालेल्या मशीनवर. बाकीची मशीन जोडली की त्यांच्याकडं बीएसपी आपोआप उतरते, पण वॅड उतरायला त्या मॅपसोबत एक यादीची फाइल ठेवावी लागते, आणि ती पोरं हमखास विसरायची. मग सर्व्हरवरनं वॅड हातानं, सीडीनं, एकेका मशीनवर टाकत फिरायचं. तुमच्या 7 नंबरवर ती नंतर कुणीतरी उडवलेली दिसते.

आकार तरी बघायचा असेल तर जुनी युक्ती आहे. हाफ-लाइफ डॉट वॅडची एक प्रत काढा, तिला केबी डॉट वॅड नाव द्या आणि तिथंच ठेवा. नाव जुळलं की इंजिन तक्रार करत नाही. भिंती चौकटी-चौकटीच्या दिसतील, पण जागा कळेल.

आणि कुणी केला ते मॅपच सांगेल कदाचित. बीएसपीची नक्कल नोटपॅडमध्ये उघडा. सगळा कचरा दिसेल, पण त्यात एका ठिकाणी साधा वाचता येणारा मजकूर लागेल. 'वर्ल्डस्पॉन'च्या जवळ 'वॅड' अशी ओळ असते. मॅप ज्या मशीनवर तयार झाला त्या मशीनवरचा वॅडचा पूर्ण पत्ता तिथं राहून जातो. दुसरं, 'इन्फो प्लेअर स्टार्ट' किती वेळा आलंय ते मोजा, त्या सीटीच्या उभं राहायच्या जागा. 'इन्फो प्लेअर डेथमॅच' म्हणजे टीच्या. करणारा आपल्या कॅफेत जेवढी मशीन तेवढ्याच जागा टाकतो.

डेमोचं : डेमो म्हणजे व्हिडिओ नव्हे. त्यात फक्त कोण कुठं होता, काय केलं याची नोंद असते, चित्र तुमचा गेम त्या वेळी काढतो. तुमचे डेमो बहुधा प्रोटोकॉल 47 चे, म्हणजे गेमच्या जुन्या आवृत्तीचे आहेत, आजचा स्टीमवरचा गेम 48 मागतो. फोल्डर जसंच्या तसं आहे म्हणता, तर त्यातलाच जुना गेम नकलेवरनं चालवून बघा.

जाता जाता एक दुरुस्ती. डस्ट टू 1.6 बरोबर आलेला नाही, तो 2001 चा. आणि तो व्हॉल्व्हच्या ऑफिसात बनलेला नाही. डस्ट आणि डस्ट टू दोन्ही डेव्ह जॉन्स्टन नावाच्या इंग्लंडमधल्या पोरानं केले. पहिला डस्ट 1999 च्या शेवटी बीटा 4 मध्ये आला तेव्हा तो शाळकरी वयाचा होता. टीम फोर्ट्रेस टू या तेव्हा न आलेल्या गेमचे फोटो बघून त्यानं तो रंग उचलला, आणि वाळूच्या भिंतींची चित्रं त्याला दुसऱ्यानं करून दिली होती.

---

स्टेशनरोड_ताई :

मी सीएस कधी खेळले नाही, पण त्या आवाजात दोन वर्षं प्रोजेक्ट टाइप केलाय. "फायर इन द होल" म्हणजे शेजारचा मुलगा आता उठून नाचणार, एवढं कळायचं. कॅफेत मुलींसाठी म्हणून दाराजवळचं मशीन ठेवायचे, आणि तेच सर्व्हर असायचं, कारण आमच्याकडनं ते बंद पडायची भीती नव्हती! एकदा माझी वेळ संपली म्हणून मी शहाण्यासारखं शट डाउन केलं. तेरा पोरं एकदम उभी राहिली. त्यानंतर त्या मशीनला "ताईंनी हात लावायचा नाही" अशी चिठ्ठी होती.

हे सगळं तुमच्या इतिहासात घाला.

---

परचेसवाला :

ताई, घालतो. शब्दशः घालतो.

तबकडी साहेब, डस्टची चूक दुरुस्त केली. नक्कल घ्यायला दोन रात्री लागल्या, शेवटी थोडा भाग वाचता आला नाही, पण सी-स्ट्राइक फोल्डर पूर्ण आलं.

नाव बदलून वॅड ठेवली आणि मॅप उघडला. उघडला!! सगळीकडं चौकटी, पण हौद हौदासारखा गोल आहे. चाळीशीला आलेला माणूस मी, रात्री साडेबाराला एकटाच पायऱ्या चढत-उतरत होतो. चढत कसला, प्रत्येक पायरीला उडी मारावी लागते, हे विसरलो होतो.

नोटपॅडमध्ये हे सापडलं : \डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज\स्टुडिओ\डेस्कटॉप\खासबाग\केबी डॉट वॅड. मशीनवरच्या युजरचं नाव 'स्टुडिओ'. आणि जागा मोजल्या, सीटीच्या 7, टीच्या 7.

आमच्याकडं काउंटर धरून 11 मशीन. म्हणजे हा मॅप आमच्या कॅफेचा नाहीच. वीस वर्षं आम्ही एकमेकांची नावं उगाच सांगत होतो.

---

काउंटरवरचा_मामा :

आरं 14 मशीन म्हंजे आमचाच की. ताई ज्या कॅफेचं सांगत्यात त्योच. तेरा पोरं उठली म्हणल्यात, मोजा, तेरा आणि त्या एक.

स्टेशन रोडला पहिल्या मजल्यावर होतो आम्ही, खाली फोटो स्टुडिओ. मी काउंटरला 4 वर्सं बसलो. स्टुडिओवाल्याचा पुतण्या रातच्याला वर यायचा. सगळी त्याला फ्लॅश म्हणायची, खाली लग्नात फ्लॅश धरायचा आणि वर फ्लॅशबँग टाकून आपल्याच टीमला आंधळं करायचा. खेळायला कायम शेवटून पहिला. पण ह्यो मॅप त्यानं खाली स्टुडिओच्या कॉम्प्युटरवर केलता, चुलत्यानं अल्बमचं काम दिलं की अर्धा वेळ ह्येच. बनवायला रात-रातभर लागायचं, कारण मॅप पक्का करायला टाकला की मशीन तीन तीन तास कामाला जुंपायची, आणि सकाळी चुलता म्हणायचा फोटोशॉप का उघडंना.

तुमच्या राजारामपुरीत कसा आला म्हणाल तर मीच आणला. तुमच्या मालकाचा आणि माझा सीडीचा देवघेव व्यवहार होता. काय देवघेव, ते विचारू नका.

फ्लॅश आता जयसिंगपूरकडं ड्रोन उडवतो लग्नात. त्याला लिंक पाठवलीय.

---

जुनी_तबकडी :

युजरचं नाव 'स्टुडिओ' हे मी शिवाजी पेठेतला तालमीचा व्हिडिओ स्टुडिओ असेल धरून चाललो होतो. मामांनी एका मिनिटात निकाल लावला.

---

फ्लॅश :

नमस्कार. मामानं धागा पाठवला म्हणून खातं काढलं.

हो, मॅप माझा. 2005 च्या पावसाळ्यात सुरू केला, पूर आलेला त्या वर्षी, लग्नं नव्हती, स्टुडिओ रिकामा. मॅप बनवायचा एडिटर हॅमर. शिकवायला कुणी नाही, एका सीडीवर इंग्रजीत माहिती होती, ती वाचून.

खासबागला सकाळी जाऊन पावलं मोजली. एक पाऊल म्हणजे 30 युनिट (गेममधलं लांबीचं माप) असा हिशोब धरला, कारण साधारण एक युनिट एक इंच पडतो आणि माणूस 72 चा असतो. त्यामुळं हौद बरोबर आलाय, त्याबद्दल मी आजही भांडीन. पायऱ्या चुकल्या. गेममध्ये पायरी 18 युनिटांपर्यंत असली तर माणूस आपोआप चढतो, त्याच्यावर गेली की उडी. मी 24 धरली. टेस्ट केलं तेव्हा कळलं, पण सगळ्या पायऱ्या गोलाकार, एकेक तुकडा हातानं फिरवून बसवलेला, परत करायचं जिवावर आलं. म्हणून टीवाले वर चढताना उड्यांचा आवाज होतो आणि मरतात. एकतर्फी म्हणताय ते त्यामुळं.

आता एक गोष्ट सांगतो, परचेसवाले दादा, वाईट वाटून घेऊ नका. ती भिंत नाट्यगृहाची नाही. मी कॅमेरा घेऊन गेलो होतो, पण तालीम चालू होती, दारावरच्या माणसानं हाकललं. भिंत स्टेशन रोडच्या मागच्या एका गोदामाची आहे. दगड सारखाच काळा, कुणाला कळणार. 256 बाय 256 चा तुकडा कापला, 256 रंगांत बसवला, आणि तोच सगळीकडं लावला. नीट बघितलं असतं तर एकच डाग दर आठ-नऊ पावलांवर दिसला असता.

खरं काय आहे तर नाट्यगृहाचं दार. बाहेरनं, रस्त्याच्या पलीकडून लांबच्या लेन्सनं काढलेलं, त्यात शेजारी बोर्डावर त्या आठवड्याच्या नाटकाचं नाव पण होतं. पण ते वॅडमध्ये. सीडी घरी कुंभार गल्लीत होत्या, 2019 ला सगळं पाण्यात गेलं. चुलत्याच्या निगेटिव्हसुद्धा.

---

परचेसवाला :

वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. गोदाम! पण पायऱ्या 24 च्या आहेत हे कळल्यावर हसायला पण आलं. रात्री साडेबाराला मी गोदामाच्या आठवणीनं गलबलत होतो म्हणायचं.

दार दुसरीकडं कुठं असेल का? मामा, त्या दाराजवळच्या सर्व्हर मशीनचं काय झालं?

---

काउंटरवरचा_मामा :

ताईंचं मशीन व्हय? ते मालकानं उचगावच्या पाहुण्याला दिलं, पोराच्या अभ्यासाला. पोरगं आता बेंगलोरला हाय. मशीन बघून सांगतो रविवारी, आशा ठेवू नका, त्यात कोंबडीनं अंडी घातलेली मी स्वतः बघितल्यात.

---

फ्लॅश :

अजून एक आहे. हॅमरची मूळ फाइल आणि वॅड मी स्वतःलाच एका जुन्या खात्यावर मेल केली होती, बॅकअप म्हणून. खातं जिवंत आहे का बघायला काल गेलो. पासवर्ड आठवत नाही, तर प्रश्न विचारतो : आवडती जागा कोणती. मी खासबाग लिहिलं, नाही म्हणतो. के-एच लावून बघितलं, नुसता के लावून बघितला, शेवटी जी-एच लावून बघितलं. आता 24 तास थांब म्हणतोय.

---

स्टेशनरोड_ताई :

रंकाळा घालून बघा.